शेवटच्या बांधीतून आवाज

हेमराजदादा,

तुमची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, मला तुमचा मेसेज आला.

"मागं घेतलं. कायले घाई करून राहिली वं? शेवटच्या बांधीतून आवाज येऊ दे."

ऑफिसात मी एकटी होते. खाली कृषी केंद्रवाला बियाण्याची पोती उतरवून घेत होता, त्याची आरडाओरड चालू होती. बाहेर हायवेवर नेहमीसारखे ट्रक. आणि मी पहिल्यांदा काय केलं सांगू? वळून तुमच्या खुर्चीकडे पाहिलं. आदल्याच दिवशी तुमच्या फोटोला हार घालून, पंगतीत वाढून आले होते मी, आणि तरी पाहिलं. मग स्वतःचाच असा राग आला की चहाचा कप आपटला, तो कीबोर्डवर सांडला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पाज, त्यालेबी पाज."

मेसेज तुम्ही पाठवलेला नव्हता हे मला कळत होतं. तो पाठवणारा प्रोग्राम तुम्ही लिहून ठेवलाय, ते वाक्यही तुमचंच आहे आणि मी ते सहा वर्षं वाचतेय. माझ्यासाठी हे वाक्य आणि तुमच्या स्वतःसाठी वेगळं: "हेमराज, बैला, थांब." पण आधी ते वाचल्यावर मी मागे वळून तुमच्याशी भांडत होते. आता भांडायला कोणी नव्हतं, आणि चॅटच्या यादीत तुमच्या नावापुढे हिरवा ठिपका लागलेला होता. हेमराज, हजर. प्रोग्राम तुमच्या नावाने चालतो म्हणून तो ठिपका लागतो, एवढंच. एवढंच, पण मी त्या दिवशी जेवायचा डबा घेऊन खाली दुकानात जाऊन बसले. वर बसवेना.

सुनंदावहिनी हे वाचतील, म्हणून जरा सांगून टाकते. तुम्ही बायकोला कधी धड सांगितलं नाही की दिवसभर काय करता. "पान्याच्या कम्प्युटरवर हावो," यावर संसार केला तुम्ही. वहिनी, आमचं काम असं होतं: तलावाचं, कालव्याचं पाणी कोणत्या गावाला कोणत्या दिवशी किती वाजता मिळणार, ती पाळी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर कळवायची. त्यासाठीचं ॲप आम्ही दोघं सांभाळायचो. त्यात सुधारणा केली की नवं व्हर्जन गावांत सोडायचं, त्याला रिलीज म्हणतात. रिलीज चुकलं तर मेसेज चुकतो, आणि मेसेज चुकला की कोणीतरी कोरड्या पाटाशी ताटकळत उभं राहतं. मग चुकलेलं मागे घ्यायचं आणि जुनं परत बसवायचं. तुमच्या नवऱ्याचा सगळा जीव या मागे घेण्यात होता. सोडणं कोणालाही येतं, म्हणायचे.

दादा, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला मोटारसायकलवर आसगावला नेलं होतं, आठवतं? मला वाटलं, घर दाखवायला नेताय. तुम्ही थेट तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, नेऊन उभं केलंत. तुमचे बाबा तुडुमापाशी उकिडवे बसले होते, जिथून तलावाचं पाणी खाली शेतांना सोडतात तिथे. त्यांनी दांडा फिरवला, झडप चार बोटं उघडली आणि तंबाखू मळायला घेतली.

मी विचारलं, "आता काय करायचं?"

"आता काई नाई. आता बसाचं."

पाटाच्या कडेकडेने एक माणूस चालत गेला, पार दिसेनासा झाला. आम्ही बसलो. मला कंटाळा आला, ऊन लागलं. मग खूप लांबून, अगदी शेवटच्या बांधीतून, म्हणजे त्या पाटावरच्या शेवटच्या धानाच्या तुकड्यातून, हाक आली, "आलं गा!" तेव्हा कुठे बाबा उठले आणि त्यांनी तुडूम पूर्ण उघडलं.

"आन आवाज नाई आला तं?" तुम्ही मुद्दाम विचारलंत, माझ्यासाठी.

"तं बंद कराचं. मधात कोठंतरी फुटलं असन."

परत येताना तुम्ही एवढंच बोललात की आपलं कामही हेच होय. तेव्हापासून आमच्या ऑफिसात त्याला 'चार बोटं' हाच शब्द. नवं व्हर्जन मंगळवारी सव्वादहा वाजता फक्त चार गावांत सोडायचं. त्यात पहिलं आसगाव, म्हणजे शिव्या पडल्या तर आधी घरच्यांच्या पडाव्या, आणि शेवटचं सिहोरा, कारण आमच्या यादीतलं ते सगळ्यात टोकाचं गाव. मग तासभर बसायचं. आवाज आला तर बाकीच्या गावांत सोडायचं. नागपूरचे साहेब हसायचे. "तुम्ही दोघं सॉफ्टवेअर चालवता की ओलित करता?" तुम्ही म्हणायचे, "साहेब, दोनीबी."

आता ते लिहिते, जे मी सहा वर्षांत एकदाही बोलले नाही.

मला नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. लाखनीला मामेबहिणीचं लग्न होतं, दुपारची बस पकडायची होती. तुम्ही तहसीलमध्ये गेला होता. माझं रिलीज तयार होतं, बारीकसं काम, यादीतली गावं नीट क्रमाने लावायची. मी मनात म्हटलं, यात काय चार बोटं करायची. सगळ्या गावांत एकदम सोडलं, कम्प्युटर बंद केला आणि पळाले. हळदीत नाचले मी त्या दिवशी, दादा.

सिहोऱ्याला आसगावची वेळ गेली. उन्हाळी धानाची रोवणी नुकती झालेली. माणसं वेळेवर बांधावर जाऊन उभी, पाण्याचा पत्ता नाही. वाट पाहून घरी गेली. आणि पाणी आलं तेव्हा ते आवरायला शेतात कोणीच नव्हतं. तिथल्या ताराचंद काकांची धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटली आणि आदल्या दिवशी रोवलेले परहे, धानाची कोवळी रोपं, सगळी वाहून गेली.

तिसऱ्या दिवशी ते इथे साकोलीला, आपल्या ऑफिसात आले. तुमसर, भंडारा असं गाड्या बदलत. दारात उभे राहिले. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत चिखलात लोळलेली रोपं. त्यांनी ती तुमच्या टेबलावर ठेवली, नीट, सांडू न देता.

"हे कोनाचं काम होय?"

आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर मी उत्तर दिलं असतं, मला भांडायला येतं. पण त्यांनी पाळीची वेळ विचारावी तसं साधं विचारलं. मी स्क्रीनच्या मागे मान खाली घालून बसले. माझं काम आहे, हे तुम्हाला सकाळीच कळलेलं होतं. मलाही कळलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माहं," तुम्ही म्हणालात.

ताराचंद काकांनी डोक्याचा टॉवेल सोडून परत बांधला. मग म्हणाले, "मंग चाल रोवाले."

आणि तुम्ही गेलात! रजेचा अर्ज नाही, काही नाही. दोन दिवस सिहोऱ्याच्या चिखलात कंबर वाकवून परत आलात, पाठ धरली होती, नखांत चिखल होता. मला म्हणालात, "चहा सांग वं." त्यावर एक शब्द नाही. मला वाटलं आज बोलतील, उद्या बोलतील. तुम्ही बोलला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही बोललाच नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात तो प्रोग्राम लिहायला घेतलात, चुकलेलं रिलीज आपोआप मागे घेणारा. त्याला नाव ठेवलंत 'बाबा'.

खरं सांगू? मी त्या 'बाबा'चा राग करत होते. साहेबांसमोर म्हणायचे की तो जुना झालाय, विनाकारण अडवतो, काम तुंबतं. हे सगळं तोंडदेखलं होतं. तो दर वेळी थांबवायचा आणि दर वेळी मला ती पिशवी दिसायची. मला वाटायचं, हा माझ्यासाठीच लिहिलाय. यात कुठेतरी माझं नाव आहे. कधी उघडून पाहायची हिंमत झाली नाही.

आणि म्हणून आपलं ते भांडण झालं. तुम्ही जायच्या अठरा दिवस आधी. नवं व्हर्जन माझं होतं, वर्षभर खपले होते त्यावर, आणि 'बाबा'ने ते दोनदा मागे घेतलं. माझं डोकं फिरलं. खालचा कृषी केंद्रवाला जिन्यात येऊन उभा राहिला, एवढी ओरडले मी.

"दोन बारीक चुका होत्या, त्या मीच काढल्या असत्या! तुमचा भरोसाच नाही माझ्यावर!"

"भरोसा तुह्यावर हाये वं. माह्यावर नाई. म्हून तं लिवला थो."

"तुमी गेल्यावर सगळ्यात पहिले हे बंद करीन मी! पाहून घ्या!"

गेल्यावर म्हणजे गावी गेल्यावर, दादा. बाबांना आता तुडुमाचा दांडा फिरत नाही, उन्हाळ्यानंतर तुम्ही कायमचे आसगावला जाणार होता, ते मनात धरून बोलले मी. तुम्हालाही तेच कळलं होतं ना? तेरा दिवस मी हेच विचारत होते, पिंडाला कावळा शिवला तेव्हाही हेच विचारत होते. रिलीज मागे घेता येतं. जुनं परत बसवता येतं, काही झालंच नाही असं करता येतं. हे वाक्य मी कुठून मागे घेऊ?

तुम्ही हसला होता. "करजो. पन बंद कराच्या आधी एकडाव वाचून पाहजो."

मी नाही वाचलं. उलट बोलणंच टाकलं. कामापुरतं हो, नाही. एका मंगळवारी तुम्ही आसगावच्या तलावातले शिंगाडे उकडून आणलेत, कागदात बांधून माझ्या टेबलावर ठेवलेत. ही तुमची माफी मागायची रीत, चूक कोणाचीही असो. मी ते उघडलेही नाहीत. उद्या खाईन म्हटलं, जरा ताणून धरावं. बुधवारी तुम्ही आलाच नाहीत. वहिनींचा फोन आला.

शिंगाडे अजून ड्रॉवरमध्ये आहेत. वाळून काळे पडलेत. फेकवत नाहीत.

तर त्या मंगळवारी, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, साहेबांच्या सांगण्यावरून मी तेच व्हर्जन, चुका काढून, चार गावांत सोडलं होतं, आणि 'बाबा'ने ते मागे घेतलं. दुपारी साहेबांचा नागपूरहून फोन. म्हणाले, हेमराजचं खातं शनिवारी संध्याकाळी बंद होतंय, नियमच आहे, आणि त्याचे सगळे प्रोग्राम त्याबरोबर बंद पडतील, म्हणजे तुझी अडचण आपोआप मिटेल. रोवणी सुरू झालीय, शनिवारी सगळ्या गावांत सोडून दे.

बघा, मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं शनिवारपर्यंत गप्प बसायचं होतं, मी बोलले होते ते खरं होणार होतं. तुम्ही गेल्यावर सगळ्यात पहिले हे बंद.

त्याच दुपारी वहिनींचाही फोन आला होता. तुमचा मोबाइल त्यांनी कपाटात साड्यांखाली ठेवलाय, चार्ज करून. मी विचारलं नाही की चार्ज कशाला करता. त्या म्हणाल्या, "योगिता, ह्याइचा फोन अकरा वाजता वाजला वं. मी धावली. पाह्यतो तं नुसती आठवन लावलेली. 'सिहोरा. आधी तब्येत इचार.' हे कोनाची तब्येत होय?" मी म्हटलं, असेल काहीतरी ऑफिसचं. मग त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी मी परत सोडलं. परत तुमचा मेसेज. "कायले घाई करून राहिली वं?" मी स्क्रीनला म्हटलं, "अवो, पन चूक कोठं हाये ते तं सांगा!" चारही गावांत सगळं हिरवं दिसत होतं. एक लाल खूण नाही. गुरुवारी सकाळी मी देवाचं नाव घेतलं आणि 'बाबा' उघडला.

किती छोटा आहे तो, दादा! मला वाटलं होतं केवढं जाळं असेल. साधा, सरळ, तुमच्या बोलण्यासारखा, मधेमधे आपल्या भाषेत टिपा. त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. तीन गावांतून मोबाइल आपोआप पोच देतात. पण सिहोऱ्याच्या पुढे तुम्ही लिहिलंय: "इथं मशीनचं ऐकाचं नाई. मानूस पायजे." एका माणसाने मेसेज वाचून 'बरोबर हाये' हे बटन दाबलं तरच रिलीज पुढे जातं. तासाभरात दाबलं नाही तर मागे. तो माणूस ताराचंद काका.

आणि तळाशी मागे घेतलेल्या प्रत्येक रिलीजची नोंद. काय झालं, कोणाची चूक. ही नोंद तुम्ही हाताने करायचे. पहिलीच ओळ: "सिहोरा. परहे वाहून गेले. चूक: हेमराज."

खाली बऱ्याच ओळी. त्यातल्या कितीतरी माझ्या, मला माहीत आहेत. सगळ्यांपुढे तेच. चूक: हेमराज. चूक: हेमराज. मी डोकं टेबलावर ठेवून रडले. काय माणूस आहात तुम्ही! एखादी तरी माझ्या वाट्याला ठेवायची होती.

मग वहिनींचा फोन आठवला, मंगळवारची अकराची आठवण, आणि सगळं जुळलं. काका बटन का दाबत नव्हते ते कळलं. तुमचा फोन गेला नव्हता.

यादीतून नंबर काढला. सहा वर्षं ज्या माणसापासून तोंड लपवलं त्याला फोन. मागे रोवणीवाल्या बायांचा गलका ऐकू येत होता.

"काका, मी साकोलीच्या ऑफिसातून बोलते, योगिता."

"हेमराज कोठं हाये?"

सांगणारच होते. मग तुमच्या मोबाइलमधली ती ओळ आठवली. म्हटलं, "काका, तब्येत कशी आहे?"

ते हसले. "हे त्यानंच शिकवलं वाट्टे. गुडघा दुखते, बाकी बरा हावो. त्याले सांग, फोन काहून नाई केला? मेसेज आला, परवाबी आला, कालबी आला. पन थो फोन करून 'काका, पाहा' म्हनत नाई, तवरक मी बटन दाबत नसतो. असं ठरलं हाये आमचं."

"काका, हेमराजदादा वारले. पंधरा दिवस झाले. हार्ट अटॅक आला."

बायांचा गलका तसाच चालू.

"मले कोनी सांगतलं नाई," काका म्हणाले.

कोण सांगणार? तुम्ही दर रिलीजला या माणसाशी बोलता हे कोणालाच माहीत नव्हतं. तेरवीला अख्खं आसगाव जेवलं, नागपूरहून साहेब आले, आणि जो दर वेळी तुमच्या फोनची वाट पाहत होता त्याला निरोप नाही. मी माफी मागितली. आणि तोंड उघडलंच होतं तर, थांबले असते तर पुन्हा कधी जमलं नसतं, म्हणून बोलून टाकलं.

"काका, त्या वर्षी तुमचे परहे वाहून गेले, ते माझ्या हातून झालं होतं. दादांच्या नाही. तुम्ही आलात तेव्हा मी तिथेच बसले होते."

वाटलं, म्हणतील जाऊ दे पोरी, झालं गेलं. आपली माणसं असंच म्हणतात.

"मंग तू काहून नाई आली रोवाले?"

दादा, हाच प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता मला. सहा वर्षांपूर्वी, चहा सांगायच्या आधी. मी म्हटलं, "भेली होती, काका."

"हं." मग म्हणाले, "बरं, थांब, मेसेज पाह्यतो. चष्मा आन गं." तो गं घरातल्या कोणालातरी होता. मी थांबले. कालचा मेसेज त्यांच्या फोनवर अजून होता, मागे घेतला तरी आलेला मेसेज पुसला जात नाही. "इथं रातचे दोन लिवलं हाये. आमची पाळी तं दिवसा दोनची हाये ना बाई? का बदलली?"

बदलली नव्हती.

मी नव्या व्हर्जनमध्ये घड्याळ चोवीसचं बारा तासांचं केलं होतं, त्यात दुपारचे दोन रात्रीचे झाले होते. बाकीच्या तिन्ही गावांच्या पाळ्या सकाळच्या, तिथे सगळं बरोबर दिसत होतं. दुपारची पाळी एकट्या सिहोऱ्याची. शनिवारी मी सगळ्या गावांत सोडलं असतं तर जिथे जिथे दुपारचं पाणी आहे तिथे तिथे माणसं रात्री दोनला शेतात गेली असती आणि दुपारी पाणी आलं असतं तेव्हा कोणी नसतं. पुन्हा तेच. त्याहून मोठं. एका म्हाताऱ्याने चष्मा लावून वाचलं म्हणून वाचलो. आणि त्याने वाचावं म्हणून तुम्ही त्याला बटन दाबू नको सांगून बसवून ठेवलं होतं.

मी साहेबांना फोन केला. सांगितलं, शनिवारी काही सोडत नाही, चूक आहे, माझी आहे. ते म्हणाले, किती वेळ लागेल? मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी, चार बोटं. त्यांना पटलं नाही, कुरकुरले. मी ऐकून घेतलं, माझं पण तुमच्यासारखं व्हायला लागलंय.

आज शनिवार. 'बाबा' मी माझ्या नावावर घेतला. बंद नाही केला, आता तरी हसा. तुमचं वाक्य तसंच ठेवलं, काना-मात्राही हलवला नाही. आता मी चुकले की ते माझ्याच नावाने मलाच येईल, कायले घाई करून राहिली वं. मंगळवारची अकराची आठवण माझ्या फोनमध्ये लावली. वहिनींना सांगितलं की आता तो फोन वाजला तर घाबरू नका. त्या म्हणाल्या, "वाजू दे. बंद नको करू."

मग तुमच्या नोंदीची पहिली ओळ उघडली. त्यातलं नाव तेवढं बदललं. चूक: योगिता. प्रोग्राम विचारतो, बदलाचं कारण लिहा. मी लिहिलं, "काकांनी विचारलं तेव्हा मी खोलीतच होते. बोलले नाही." जुनी ओळ पुसली जात नाही, खाली दिसत राहते, ते बरं आहे. तिथे आता वर मी आणि खाली तुम्ही.

सहा वाजता तुमच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला. मी पाहत बसले होते. एकदम गेला. मी तुमच्या खुर्चीकडे पाहिलं, परत, सवयीने. या वेळी राग नाही आला.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने सिहोऱ्याला चाललेय. रोवणं मला येत नाही, काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "हेमराजलेबी पहिल्या दिवशी येत नोयतं. ये." त्यांची रोवणी काल संपलीय. पण शेवटची बांधी त्यांनी तशीच ठेवलीय, माझ्यासाठी.